बचत आपली, भार कुणाचा?

विजेचे बिल कमी व्हावे असे वाटण्यात गैर काही नाही. प्रपंच नेटका करावा, ही आपल्या संतांचीच शिकवण. प्रश्न आहे तो वाचलेला पैसा कुठून आला, याचा. आपण वीज कमी वापरली किंवा स्वतः निर्माण केली म्हणून तो वाचला, की आपल्या वाट्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले म्हणून? बिलावरची रक्कम दोन्ही वेळा सारखीच उतरते, पण पहिली बचत ही कमाई असते आणि दुसरी उधारी. स्वस्त पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य कितीही मोलाचे असले, तरी हा निवाडा केल्याशिवाय ते धर्म्य ठरत नाही, असे मला वाटते.

बारामती-इंदापूरच्या घरांना पुरवठादार एकच, महावितरण. २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात दोन परवानाधारक येऊ शकतात. एक मेगावॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या कारखान्याला दुसरीकडून वीज घेता येते आणि हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॉटवर आली. मात्र कऱ्हाटीतल्या किंवा भिगवणमधल्या घराला यातले काही लागू पडत नाही. त्याच्या हाती पर्याय आहे तो छताचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. दिवसा तयार झालेली जादा वीज ग्रीडला द्यायची, रात्री ग्रीडकडून घ्यायची आणि फरकाचे बिल भरायचे. पुरवठादार बदलण्याचा हाच आपल्याकडचा प्रकार. मात्र तो ज्याच्या डोक्यावर स्वतःचा स्लॅब आहे त्यालाच जमतो. पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरूला आणि साखर कारखान्याच्या तळावर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला तो नाही.

ज्यांना जमते ते निघून गेले की मागे काय होते, हे मुंबईच्या उपनगरांत दिसले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरचा किरकोळ वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य वीज नियामक आयोगाने तिथे वीज पुरवणाऱ्या रिलायन्सच्या ग्राहकांना टाटाकडे जाण्याची वाट मोकळी केली. तारा रिलायन्सच्याच राहिल्या, बदलला तो वीज विकणारा. जास्त वीज वापरणाऱ्याला बदल अधिक फायद्याचा होता, कारण कमी वापराच्या घरांचा दर त्याच्या चढ्या दरातून सांभाळला जात होता. तो गेला की हा आधारही जातो. म्हणून २०११ मध्ये आयोगाला बदलून गेलेल्या ग्राहकांवर अधिभार लावावा लागला आणि २०१२ मध्ये तर काही काळ महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांनाच बदलाची मुभा ठेवावी लागली. स्पर्धा खोटी होती, असे यातून सिद्ध होत नाही. निघून जाणाऱ्याच्या बचतीत मागे राहणाऱ्याचा हिस्सा असू शकतो, एवढे मात्र सिद्ध होते.

वीज ही बाजारातली वस्तू आहे, बिल भरले की देणे संपले, असे म्हणणारा विचार आज सर्वात प्रबळ आहे. आपली परंपरा मात्र देण्याचा हिशेब असा एका पावतीत मिटवत नाही. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर माणसांचेही ऋण सांगितले आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर, मिळालेले परत न देता नुसते भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. हे ऋण किती खरे आहे, ते नीरा डाव्या कालव्याच्या काठी कळते. भाटघरच्या पाण्यावरचा हा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. त्याच्या लाभक्षेत्रातला बागायतदार म्हणतो, माझी विहीर मी खोदली, कालव्याचे मी काही लागत नाही. पण विहिरीला उन्हाळ्यात जे पाणी टिकते त्यात कालव्याचा पाझर असतो. छतावरच्या संचाचे असेच आहे. पॅनेल आपले, ऊन सर्वांचे, पण रात्री दिवा लागतो तो सामाईक तारेवर. आणि जिरायत पट्ट्यातल्या दूरच्या वाडीपर्यंत ती तार पोचली, तिचा खर्च त्या वाडीच्या बिलातून कधीच निघाला नसता. तो इतरांनी उचलला.

यावर पहिला आक्षेप असा की, मक्तेदारी सुस्त असते. तासन्‌तास वीज जाते, तक्रार ऐकली जात नाही, मग ग्राहकाने का बांधून राहावे? आक्षेप रास्त आहे आणि ऋणाची भाषा निष्काळजीपणावर पांघरूण घालण्यासाठी वापरता येणार नाही. पण सेवा सुधारायला भाग पाडणे आणि भार टाकून निघून जाणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम पहिल्याची जागा घेऊ शकत नाही, कारण समर्थ माणूस निघून गेला की तक्रार करणारा आवाजही जातो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : इतरांनी उचललेला हा आधार गरिबापर्यंत पोचतो का? राज्याने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. त्यात दोन एकरांचा जिरायतदार आहे आणि कालव्यावरचा सधन ऊसवालाही आहे. हा दोष खरा आहे. पण वाटप चुकले म्हणून वाटून घेण्याचे तत्त्व चुकत नाही. आकडा टाकणारा, ऐपत असून थकबाकी ठेवणारा आणि तारेचा खर्च नाकारणारा सौरग्राहक यांची ऐपत सारखी नाही, म्हणून दोषही सारखा नाही, पण तिघेही आपला भार शेजाऱ्याकडे ढकलतात. तिसरा आक्षेप पर्यावरणाचा : छतावरची वीज कोळसा वाचवते, मग तिच्यावर ओझे का? वाचवते, आणि तेवढी बचत घराचीच, निर्मळ कमाई. दिवसाच्या त्या युनिटांचा मोबदला नाकारणे अन्यायच होईल. पण रात्रीच्या तारेचा, रोहित्राचा आणि वादळात खांबावर चढणाऱ्या वायरमनचा खर्च सूर्य भागवत नाही.

म्हणून संच बसवावा, जरूर बसवावा, आणि बिलातला स्थिर आकार हा दंड आहे असे मानू नये. तो किती असावा यावर आयोगाच्या जनसुनावणीत हिरिरीने भांडावे, शून्य असावा असे मात्र म्हणू नये. अनुदान देताना सरकारने भाडेकरूंच्या वस्त्यांसाठी सामाईक संचांचा विचार आधी करावा, कारण ज्याला छत नाही त्याच्यापर्यंत सूर्य पोचवणे हे खरे सार्वजनिक काम आहे. आणि उद्या बारामतीतही दुसरा पुरवठादार आला, तर त्याच्या दरपत्रकाकडे पाहताना दोन प्रश्न विचारावेत : हा स्वस्त का आहे, आणि शेवटच्या वाडीला जोडणी द्यायला तो बांधील आहे का? वीज कायद्याने मागेल त्याला जोडणी देण्याचे कर्तव्य पुरवठादारावर घातले आहे. जो विक्रेता हे कर्तव्य पाळून स्वस्त देतो त्याच्याकडे खुशाल जावे. जो ते टाळून स्वस्त होतो, त्याच्याकडून वाचलेला पैसा आपला नसतो.