गावकूस कुणी आखलं?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात भांडण झालं. भांडण जागेवरून होतं. लोहाऱ्याच्या जवळच एक गाव आहे, तिथल्या आपल्या लोकांना रमाई घरकुलासाठी जागा बघायची होती. गावठाणात मोकळी जागा तुटक तुटक, एक इथं, एक तिथं. आणि ओढ्याच्या पल्याड गायरानाचा एक सलग तुकडा. पोरं म्हणली, "पुन्हा गावाबाहेर? आज्जा-पंज्जानं तिकडंच काढली, आमी बी तिकडंच मरावं का? मधल्या आळीत जागा द्या, नसता घरकुल नको." बाया म्हणल्या, "मधल्या आळीत एकटं घर बांधून रातच्याला कुणाच्या दारावर थाप मारायची? आमी एका जागी ऱ्हाऊ." एक म्हातारी तर तोंडावर बोलली, "तुमी भाषण करून मोटारसायकलीवर जाताव. ऱ्हायचं आमाला हाय."

वर्ग मोडला. मी मधे बसून गप्प होतो, कारण मला दोघांचंही पटत होतं. कार्यकर्त्याला दोघांचंही पटायला लागलं म्हंजे त्यानं विचार करायचं टाळलंय असं समजावं. म्हणून हे लिहितोय.

आपल्या भागात या प्रश्नाची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदात ढिगारा झाली. (लोहारा तालुका नंतर झाला, सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं.) सरकारी हिशोबात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मारलं ते भूकंपानं कमी आणि घरानं जास्त. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. वाडा जेवढा थोर तेवढा त्याचा ढिगारा थोर. कुडाच्या, पाचटाच्या, पत्र्याच्या खोपटात जे झोपले होते त्यांच्यातले पुष्कळ अंगावरची धूळ झटकून बाहेर आले.

इथं आपल्यातल्या काहींना एक चव लागते, ती आधीच थुंकून टाकली पाहिजे. 1978 साली 27 जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली खोपटं जळाली. पंधरा वर्षांनी तसल्याच खोपटांनी जीव वाचवला. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "निसर्गानं न्याय केला." असं बोलणारे आपण पहिले न्हाई. 1934 साली बिहारात भूकंप झाला तेव्हा गांधींनी सांगितलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना जाहीर विरोध केला. ठाकुरांचं बरोबर होतं. जमीन हलते ती आतल्या खडकाच्या ताणानं, पापानं न्हाई. जो माणूस भूकंपात देवाचा न्याय बघतो तो उद्या आपल्या दारिद्र्यातही मागच्या जन्माचं कर्म बघणार. तीच गाडी, तेच चाक. शिवाय ढिगाऱ्याखाली लेकरं होती. सास्तुरात ज्यांनी हातानं दगड उपसले त्यांना विचारा, मातीखालच्या हाताला जात दिसत होती का म्हणून.

भूकंपाला जात नव्हती. पुनर्वसनाला मात्र होती, आणि ती तोंडानं न उच्चारता होती. बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी बसवायची ठरली. इतकी गावं एकदम नव्यानं आखायची! जागतिक बँकेचा पैसा, आखणारे इंजिनियर शिकलेले, कागद कोरा. गावकूस नावाची वस्तू पुसायची अशी संधी मराठवाड्याला दुसरी आली न्हाई. काय झालं? घराचं माप ठरलं जमिनीवर. भूमिहीनाला आणि अडीच एकरापर्यंतच्या माणसाला 250 चौरस फूट. त्यावर सतरा एकरापर्यंत 400. त्याच्याही वर ज्याची जमीन त्याला 750. कागदावर जातीचं नाव कुठंच न्हाई. पण या मुलखात भूमिहीन कोण आणि सतरा एकरावाला कोण हे सांगायला तलाठी लागत न्हाई. एका मापाची घरं एका पट्ट्यात बसली की जुनी वस्ती नव्या जागी आपोआप उमटते. कित्येक ठिकाणी तशी उमटली. रस्ते सरळ झाले, चौक झाले, अंगणं मोठी झाली, आणि कोपऱ्यातल्या अडीचशे फुटांच्या रांगा बघून पाहुण्याला न विचारता कळायला लागलं, कुणाची आळी कुठली ते.

त्याच हिवाळ्यात, 14 जानेवारी 1994 ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आपली माणसं तेव्हा पत्र्याच्या शेडात होती. नावाची लढाई सोळा वर्षांनी अर्धीमुर्धी जिंकली, आणि त्याच दिवसांत शेजारी गावांच्या आखणीची लढाई सुरू झाली तिकडं आपलं लक्ष न्हवतं. मी दोष देत न्हाई, ज्याच्या घरी माती झालीय त्यानं नकाशा कधी बघावा? पण लक्ष न्हवतं हे खरं.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को नावाचं शहर आहे. तिथं 18 एप्रिल 1906 ला पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी असाच भूकंप झाला, वर आग लागली ती तीन-चार दिवस जळत राहिली. शहराच्या मधोमध चिन्यांची वस्ती होती, चायनाटाउन, ती पुरी राख झाली. हे चिनी म्हंजे रेल्वेमार्ग खोदायला, कपडे धुवायला आणलेली माणसं. 1882 च्या कायद्यानं नव्या चिनी मजुराला देशात यायला बंदी, आलेल्याला नागरिकत्व न्हाई. भूकंपानंतर त्यांच्या निर्वासितांचा तळ पुन्हा पुन्हा हलवला, कारण शेजारच्या गोऱ्या लोकांना त्यांचा वास येत होता. वासाची तक्रार आपल्याला नवी न्हाई. मेल्यावरही तेच. सरकारनं मेलेल्यांचा आकडा पाचशेच्याही आत सांगितला. पुढं त्या शहरातल्या ग्लॅडिस हॅन्सन नावाच्या ग्रंथपालबाईंनी वर्षानुवर्षं नावं गोळा केली तेव्हा तो तीन हजारांच्या वर गेला. चायनाटाउनातले मेलेले धड कुणी मोजलेच न्हवते.

शहरातल्या पुढाऱ्यांनी लगेच ठरवलं की आता चिन्यांना मधल्या मोक्याच्या जागेवर परत येऊ द्यायचं न्हाई, दूर खाडीच्या काठाला, हंटर्स पॉइंटला न्यायचं. शहरातले खाटीकखाने त्याच अंगाला होते. मेलेलं ढोर गावाच्या ज्या बाजूला ओढतात त्या बाजूला माणसं ढकलायची हा शोध एकट्या मनूचा न्हाई असं दिसतं.

चिनी गेले न्हाईत. त्यांच्या वकिलातीनं सांगितलं, आमची कचेरी जुन्या जागेवरच बांधू. व्यापाऱ्यांनी सांगितलं, आम्ही आमचा व्यापारच दुसऱ्या बंदराला नेतो. जागेच्या गोऱ्या मालकांनाही भाडं हवं होतं. पुढारी नमले. चायनाटाउन त्याच जागी उभं राहिलं. (उभं राहताना त्याच्यावर पॅगोडाची शिखरं बसवली, गिऱ्हाइकाला बघायला मजा वाटावी म्हणून. म्हंजे त्या विजयातही थोडा तमाशा होताच.)

बघा, तिथं वेगळी वस्ती राखणं हेच बंड होतं. आपली पोरं ज्याला गुलामी म्हणतात तेच. मग फरक कुठं पडला? मला वाटतं, जागेत पडला न्हाई, हातात पडला. चिन्यांच्या हातात व्यापार होता, पाठीशी वकिलात होती, "जातो" म्हणायची ताकद होती. ज्याला "जातो" म्हणता येतं त्याच्या "राहतो"ला किंमत असते.

आणि हंटर्स पॉइंट रिकामं राहिलं न्हाई. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोदीवर कामाला आलेले काळे मजूर त्या भागात वसले. युद्ध संपलं, पुढं काम आटलं, माणसं तिथंच अडकली. त्याच गोदीत नौदलाची किरणोत्सर्गाची प्रयोगशाळा होती, जमिनीत विष मुरलं. 27 सप्टेंबर 1966 ला पोलिसानं सोळा वर्षांच्या एका काळ्या पोराला पळत असताना गोळी घालून मारलं आणि वस्ती पेटली. पुढच्याच महिन्यात खाडीच्या पलीकडं ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याचं नाव घेऊन 1972 ला मुंबईत आपली पँथर उठली. एक वस्ती न ढकलता आली म्हणून दुसरे लोक तिथं ढकलले गेले, हे ध्यानात असू द्या. मला शेवटी त्यावरच यायचंय.

बाबासाहेबांचं काय म्हणणं होतं? इथं पोरं अर्धंच वाचतात. खेडं म्हंजे संकुचितपणाचं डबकं आहे असं त्यांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत सांगितलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण 18 आणि 19 जुलै 1942 ला नागपूरच्या परिषदेत त्यांच्याच पुढाकारानं वेगळ्या वसाहतींचा ठराव झाला होता. 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यासाठी वसाहत आयोगाची मागणी आहे. जातीचं उच्चाटन मागणारा माणूस वेगळी गावं का मागतो? विसंगती न्हाई ती. त्यांनी बघितलं होतं की प्रत्येक गावात आपण मूठभर, पोट गावाच्या हातात, बहिष्कार टाकला की तीन दिवसात चूल विझते. म्हणून त्यांनी वेगळी वसाहत मागितली ती जमिनीसकट मागितली. जमीन वगळून नुसती वेगळी घरं मागणं म्हंजे त्यांची अर्धी मागणी घेऊन पुरा महारवाडा बांधणं. 2020 च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पण पाटी रंगवून पाण्याची लाइन येत न्हाई.

तेव्हा पोरांना माझं म्हणणं असं. वेगळं राहणं पाप न्हाई. एकटं राहायला लावणं हेही क्रांती न्हाई, विशेषतः जेव्हा एकटं राहायचंय ते दुसऱ्याच्या आईला. आणि बायांना माझं म्हणणं असं. ओढ्यापल्याड जायचं तर पावसाळ्यात पूल कोण बांधणार, पाणी कुठून येणार, घरामागं कसायला गायरान मिळणार का, हे आधी लिहून घ्या. आणि उद्या तुमच्या नातीनं मधल्या आळीत जागा विकत घ्यायची म्हणली तर कुणी आडवं यायचं न्हाई, हे भांडून मिळवायचं. निघता येतं त्या वस्तीला वस्ती म्हणावं. निघता येत न्हाई तो कोंडवाडा, मग त्याला नाव कुणाचंही द्या.

इथवर माझं मला पटलं आणि मी अर्ज लिहायला घेतला. अकरा कुटुंबांची नावं. सोबत वर्गातल्याच एका हुशार पोरानं वहीच्या कागदावर नकाशा काढून दिला होता. विहाराची जागा मधे, दोन्ही बाजूला घरं, नीट, सुंदर. मी मोजली तर आठच. उरलेली तीन कागदाच्या खालच्या कडेला, नालीच्या पलीकडं. ती मातंगांची.

मी विचारलं, "ही इकडं का?"

तो दचकला. म्हणला, "मुद्दाम न्हाई काढली, दादा. जुन्या गावात तशीच हायती ना."

पोरगं खोटं बोलत न्हवतं. अडीचशे फुटांच्या रांगा आखणाऱ्या इंजिनियरनंही हेच उत्तर दिलं असतं.

त्या तीन घरी अजून कुणी विचारायलाच गेलेलं न्हवतं, तुमाला कुठं राहायचंय म्हणून. रविवारी वर्ग आहे, त्याच्या आधी मी आणि ते पोरगं जाणार आहोत. ते "तुमच्यात न्हाई राहायचं" म्हणतील, तर का म्हणतात तेही ऐकून घेणार आहोत. अर्ज तोवर माझ्या पिशवीत आहे, पंचायत समितीत गेलेला न्हाई.