कणसूर

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे एक विद्यार्थी घरी आले. विद्यार्थी म्हटलं की डोळ्यांपुढे एखादा पोरगा येतो. हे गृहस्थ एकसष्ट वर्षांचे, बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला सर म्हणतात. त्या दिवशी शिकवणी नव्हती आणि खांद्याला गिटारही नव्हती. बसले, चहाला नको म्हणाले, खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. चार दिवसांपूर्वी कॉलनीच्या मंडपात त्यांनी गिटार वाजवली होती, तिचं कुणीतरी केलेलं चित्रण लावलं. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "सर, हे तुम्हाला दोन वर्षं असंच ऐकू येत होतं?"

मी म्हणालो, "होय."

"मग सांगितलं का नाही वो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं.

'हे' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गिटारवर एक काम साथीचं असतं, स्वरांचे समूह धरून गाण्याला आधार द्यायचा. दुसरं लीडचं, गाण्यात मोकळ्या सोडलेल्या जागेत एकेक स्वर वाजवत स्वतःचं काही बोलायचं. त्यात तार ताणण्याला फार महत्त्व. सतारीवर पडद्यावर तार ओढून मींड काढतात, तशी इथं बोटानं तार बाजूला ढकलायची. तिसरी तार सातव्या पडद्यावर दाबून ढकलली, तर नवव्या पडद्याचा स्वर मिळाला पाहिजे. पण किती ढकलायची याची खूण वाद्यावर कुठंही नसते. पडदा फक्त निघायची जागा दाखवतो, पोचायची जागा कानानंच ओळखावी लागते. साहेबांची तार दरवेळी किंचित अलीकडे थांबायची. बेसूर म्हणावं इतकं नाही. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कणसूर. स्टेशन दिसायला लागावं आणि गाडी सिग्नलला उभी राहावी, तसं ऐकणाऱ्याला होतं.

त्यांनी निवडलेलं गाणं होतं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ईगल्स या अमेरिकन बँडच्या १९७६ च्या अखेरीस आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधलं. गाण्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी दोनेक मिनिटं एकमेकींशी बोलतात. साहेबांनी ते कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर ऐकलं आणि आपल्याला हे वाजवता आलं पाहिजे असं मनात घेतलं. मग नोकरी, गदग, हुबळी, कोल्हापूर अशा बदल्या, आईचं आजारपण, मुलींची लग्नं यांत चाळीस वर्षं गेली. त्या वादनात जागोजागी तार ताणायची आहे. म्हणजे साहेबांचा कणसूरही जागोजागी.

पहिल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "बोटं पळंनात सर. तेवढं बघा." मी तेवढंच बघितलं. वेगाचा अभ्यास शिकवायला सोपा आणि मोजायला त्याहून सोपा. मेट्रोनोमचे मिनिटाला साठ ठोके लावायचे, प्रत्येक ठोक्याला चार स्वर, पिक एकदा खाली एकदा वर. हात सैल राहिला, आवाज स्वच्छ आला, की चौसष्ट. मग अडुसष्ट. साहेबांनी चक्क वही घातली. तारीख, ठोके, किती वेळ, शेरा. बँकेतला माणूस! रोज दीड तास, एकही खाडा नाही. दोन वर्षांत ते एकशे बारापर्यंत पोचले. दर शनिवारी वही माझ्यापुढे सरकवायचे आणि मी 'छान' म्हणायचो. ते खोटं नव्हतं, बोटं खरोखर पळायला लागली होती. मात्र वहीत कानाचा रकाना नव्हता आणि तो आखायला मी त्यांना सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं? त्या सकाळी मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःला हा प्रश्न विचारत होतो.

पहिलं उत्तर आलं ते सभ्यपणाचं. वयानं मोठा माणूस, त्याला काय टोकायचं? खरं बोलावं पण अप्रिय खरं बोलू नये, हे मनुस्मृतीच्या काळापासून आपण ऐकत आलो आहोत. त्याच श्लोकात प्रिय खोटंही बोलू नये असं पुढं सांगितलं आहे, तेवढं आपण सोयीनं विसरतो. दुसरं उत्तर शिक्षकाचं. एका वेळी एकच गोष्ट शिकवावी, आधी बोटं, मग कान. हे उत्तर मी बरेच दिवस जवळ बाळगलं. पण माझ्याकडे संध्याकाळी दहावी-अकरावीची पोरं येतात. त्यांची तार केसभर कमी पडली तर मी हात धरून थांबवतो. "नवव्या पडद्यावर वाजव, ऐक, आता ढकल, पोचलास का? नाही ना? परत." एकेका पोराला एका स्वरावर अर्धा तास उभा केला आहे मी. त्यांच्या बाबतीत आधी बोटं, मग कान हा क्रम कुठं गेला होता?

खरं उत्तर त्यानंतर आलं आणि ते मला आवडलं नाही. पोरांचं पुढं काही होईल असं मी धरून चाललो होतो आणि साहेबांचं काही होणार नाही असंही धरून चाललो होतो. आता या वयात कुठं स्टेजवर जायचं आहे, हौस आहे, वेळ चांगला जातो, जाऊ द्या. त्यांच्या साऱ्या धडपडीचा निकाल मी परस्पर लावून मोकळा झालो होतो, वर तो त्यांना कळवलाही नव्हता. दर शनिवारचं 'छान' हे त्या निकालावरचं गोड झाकण. त्याला मी दोन वर्षं आदर म्हणत होतो.

आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळ्या तऱ्हेनं ओळखीचं वाटेल. मी बेळगावचाच, कन्नड बोलत मोठा झालो. बाजारात, कचेरीत, बसमध्ये माझं काही अडत नाही. चार वर्षांपूर्वी कन्नड शाळेत शिकणारी माझी भाची एकदा हसत म्हणाली, "मामा, बाई आली तरी तुम्ही कन्नडात 'तो आला' म्हणता." पन्नास वर्षं मी क्रियापदाचं शेपूट चुकवत होतो! ज्याच्याकडे तीस वर्षं किराणा भरतो त्या दुकानदाराला हे रोज ऐकू येत होतं. तो एका शब्दानं बोलला नाही. त्याला मी दोष देत नाही. गिऱ्हाईकाला कोण शिकवतो? मराठी माणूस कन्नड बोलतो यातच त्याला समाधान होतं. पण त्या चांगुलपणानं मला कायमचं उंबऱ्यावर ठेवलं, हेही खरं. 'तुमच्यापुरतं बरं आहे' असं मनात म्हणून आपण ज्याची चूक सोडून देतो, त्याला आपण पाहुणा ठरवलेलं असतं. मोठ्या वयात काही शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे फार येतं. लहान मुलाला सगळं गाव दुरुस्त करतं, मोठ्याला कुणी नाही.

आता दुसरी बाजू. ती लटकी नाही. माझ्याकडे एक डॉक्टरीणबाई येत असत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दिवसभर चूक-बरोबर, चूक-बरोबर करूनच येते मी. इथं चुका काढू नका." चार स्वरसमूह शिकल्या, त्यांवर जुनी भावगीतं म्हणायच्या. ठेका पळायचा, सूर इकडंतिकडं व्हायचा आणि त्या ताज्यातवान्या होऊन घरी जायच्या. मी शब्द पाळला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. वाईट वाजवण्याचा आनंद हाही आनंदच, आणि तो कुणाच्या परवानगीवर चालत नाही. हौस हा शब्द आपल्याकडे हवस या शब्दावरून आला. हिंदीत त्याला वासनेचा वास चिकटला, मराठीनं त्याला निर्मळ करून घेतलं. इंग्रजीतला अमॅच्युअर हा शब्दही मुळात प्रेम करणारा या अर्थाचाच. प्रेम करणाऱ्याची परीक्षा घेणारे आपण कोण?

हा युक्तिवाद मला पटतो आणि तरी साहेबांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. बाईंनी चुका नकोत असं सांगितलं होतं. साहेबांनी 'तेवढं बघा' असं सांगितलं होतं आणि रोज दीड तास त्यावर खर्च करत होते. एकानं सूट मागितली, दुसऱ्यानं मागितली नव्हती. सूट न मागणाऱ्याला ती गुपचूप देणं, ही त्याची फसवणूकच. यावर कुणी म्हणेल, टीका करा म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना कौतुकच हवं असतं. असेलही. पण ते विचारून कळतं, आणि मी विचारलं नव्हतं.

अॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'चा शेवटचा, आठवा भाग बराचसा संगीतशिक्षणावर आहे. स्वतंत्र नागरिकानं वाद्य शिकावं, पण स्पर्धेत टाळ्या घेणाऱ्या करामतींच्या मागं लागू नये. चांगलं-वाईट ओळखता यावं, त्याचा खरा आनंद घेता यावा, एवढ्यासाठी लहानपणी वाजवावं आणि मोठेपणी वाजवणं सोडून द्यावं, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या मुद्द्यावर आमचे साहेब त्याला खोटं पाडतात. त्यानं जिथं वाद्य खाली ठेवायला सांगितलं तिथं यांनी ते हातात घेतलं. पण पहिला मुद्दा वाचताना मी ओशाळलो. वेगाचे ठोके हा करामतीचा भाग. तो मी साहेबांना भरभरून दिला आणि कानाचा, आनंदाचा भाग मात्र स्वतःकडे ठेवून घेतला. हौशी माणसाला द्यायचं नेमकं उलटं!

वयाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण सगळे तिथंच घुटमळतात. साठीत बोटं विशीसारखी पळत नाहीत, हे खरं. पण लीडला बोटं किती लागतात? जँगो राईनहार्टचा डावा हात १९२८ साली त्याच्या गाडीघराला लागलेल्या आगीत भाजला, करंगळी आणि अनामिका जवळपास निकामी झाल्या. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं असे एकल तुकडे वाजवले की आजही ते ऐकून गिटारवाले गप्प होतात. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयातून उठले ते एका फुप्फुसाचं बळ गमावून. छोट्या छोट्या, तुटक पण धारदार स्वरावलींनी भरलेलं त्यांचं गाणं त्यानंतर सगळ्यांनी ऐकलं. ही उदाहरणं आपण दिलासा म्हणून सांगतो आणि एक गोष्ट वगळतो. दोघांचाही कान आधीच तयार होता. शरीरानं जे काढून घेतलं ते कानानं भरून काढलं. साहेबांच्या बाबतीत मी शरीर तयार करत बसलो होतो.

तर पुढचं सांगतो. त्या सकाळनंतर आम्ही मेट्रोनोम बंद केला. चारच मात्रांचा एक तुकडा घेतला, पाच स्वरांचा. आधी तो गळ्यानं म्हणायचा, मग वाजवायचा. तार ढकलायची, थांबायचं, नवव्या पडद्याशी ताडून बघायचं. अनामिकेनं ढकलताना मधलं बोट आणि तर्जनी मागून जोर देतात की नाही ते बघायचं. मोबाईलवर उतरवून ऐकायचं. मी आता 'छान' म्हणत नव्हतो. "कमी", "अजून कमी", "आता जास्त झालं", एवढंच. सहा आठवडे असे गेले. सातव्या शनिवारी ते आले नाहीत, आठव्यालाही नाही. मग एका दुपारी त्यांच्या घरून वहिनींचा फोन आला.

"सर, रागावू नका, पण विचारते. दोन वर्षं आमच्या घरात रोज गिटार वाजत होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण हे खुशीत असायचे. आता पेटीतून काढत नाहीत. तुम्ही असं काय सांगितलंत?"

काय सांगणार? खरं सांगितलं असं म्हणालो असतो तर ते त्यांना मगरूरपणाचं वाटलं असतं आणि थोडं तसं होतंही. कारण दोन वर्षं न सांगितलेलं मी सहा आठवड्यांत वसूल करायला निघालो होतो. पहिल्या महिन्यात हसत-खेळत सांगितलं असतं तर ती एक चूक होती, सुधारून पुढं गेले असते. दोन वर्षांनी ती चूक राहिली नाही, ती त्यांच्या सातशे दिवसांवर पसरली. गप्प राहण्याचं व्याज असं चढतं, हे बँकेतल्या माणसाला मी सांगण्याची गरज नव्हती. वहिनींना मी इतकंच म्हणालो, "चूक माझी आहे. त्यांना एकदा पाठवा, गिटार नसली तरी चालेल."

पंधरा दिवसांनी ते आले. गिटार आणली होती. माफीबिफीची भाषा आमच्या दोघांच्याही तोंडात बसणारी नाही. मी चहा टाकला. त्यांनी पेटी उघडली आणि तेच पाच स्वर वाजवायला घेतले. तिसऱ्या स्वरावर तार ढकलली आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच थांबले. तोंड वाकडं केलं, परत ढकलली, परत थांबले. "कमी पडली," असं स्वतःशीच म्हणाले. चौथ्यांदा पोचली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, आवाज विरेपर्यंत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सहा आठवड्यांपूर्वी त्यांना हे ऐकू येत नव्हतं. कान तयार होणं ही काही नुसती सुखाची गोष्ट नाही. साहेब आता म्हणतात, आधी कुठलंही रेकॉर्डिंग ऐकताना मजा यायची, आता निम्म्या वेळा दाताखाली खडा येतो. मंडपातलं ते चित्रण त्यांनी अजून पुसलेलं नाही. का ठेवलं आहे, हे मी विचारलेलं नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवट अजून पुरा झालेला नाही, पहिला अर्धा भाग बसला आहे. यंदा गणपतीत वाजवणार का असं कॉलनीतल्या पोरांनी विचारलं, तर "बघू की" म्हणाले. वाजवलं नाही.

गेल्या शनिवारी मी त्यांना पुढचा तुकडा वाजवून दाखवत होतो. मध्येच त्यांनी हात वर केला, आमच्या इथली पोरं करतात तसा.

"सर, तुमची तिसरी तार थोडी उतरलीय."

मी खुंटी पिळून बघितली. उतरली होती.