'आता काही करण्यासारखे राहिले नाही'



आजाऱ्यांच्या भेटीला जाताना एक वाक्य आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो: "फादर, डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखे राहिले नाही, घरी घेऊन जा." हे वाक्य सांगणारा डॉक्टर निर्दय नसतो. बहुधा तो थकलेला असतो, आणि पुढचे त्याला कुणी शिकवलेले नसते. तरीही प्रश्न असा, की हे वाक्य खरे आहे काय?

आमच्या मते ते खोटे आहे. कॅन्सर बरा करण्यासारखे काही राहिलेले नसेल, पण वेदना आहे, धाप आहे, उलट्या आहेत, रात्रभर न लागणारी झोप आहे, जखमेला येणारा वास आहे. वासामुळे पाहुणे येईनासे होतात आणि आजारी माणूस जिवंतपणीच एकटा पडतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल नावाच्या स्वस्त गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर वापरतात आणि वास पुष्कळ कमी होतो. म्हणजे करण्यासारखे होते, ठाऊक मात्र नव्हते. न्यायाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

वेदना कमी करणाऱ्या या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लॅटिन भाषेत 'पॅलियम' म्हणजे अंगावरचा झगा, पांघरूण. (आर्चबिशपांच्या खांद्यावरची लोकरीची पट्टी, तिचेही नाव हेच.) आपल्याला ही सेवा नवखी नाही. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळच सुरू केले. सप्टेंबरात यात्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती इमारत बाहेरून पाहिली असेल.

पण हॉस्पिस म्हणजे शेवटचे दिवस, असे मनात घट्ट बसले आहे. २०१० साली बोस्टनच्या एका मोठ्या इस्पितळातला अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा निदानापासूनच दिली गेली. त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले आणि औदासीन्य कमी राहिले. शेवटी शेवटी जोरकस उपचार कमी घेऊनही ते सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले.

लवकर द्यायची तर ती देणार कोण? टाटा इस्पितळात २०१२ पासून या विषयाची एम. डी. पदवी मिळते, पण असे तज्ज्ञ किती असणार? उत्तनच्या कोळीवाड्यातल्या आजाऱ्याने बसने भाईंदर स्टेशन गाठायचे, लोकलच्या गर्दीतून दादर, मग परळ, आणि तेही मॉर्फिनच्या गोळीसाठी? ही सेवा नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरांनी, पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी आणि आशाताईंनी दिली तरच पोहोचेल. केरळने हे करून दाखवले. १९९३ मध्ये कालिकतला सुरुवात झाली, २००८ मध्ये राज्याने धोरण केले, आणि आज तिथे पंचायतीची नर्स घरोघरी जाते. २०१८ नंतर केंद्र सरकारनेही आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामात ही सेवा धरली आहे. कागदावर धरली आहे, एवढे आज म्हणू या.

शिकायचे काय? औषधे तर आहेतच. मॉर्फिनचे नाव काढले की अनेक डॉक्टर बिचकतात, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे जंजाळ उभे केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल केले, भीती मात्र राहिली. घरच्यांनाही वाटते, मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे मरण. वेदनेच्या मापाने दिलेले मॉर्फिन माणसाला मारत नाही. आणि कुणाच्या बाबतीत आयुष्य थोडे कमी होण्याचा धोका असला तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर ते देणे योग्य, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच सांगितले होते. कृतीचा हेतू आणि तिचा नको असलेला परिणाम यांतला भेद संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आला आहे. दया म्हणून मारणे वेगळे, वेदना शमवणे वेगळे.

औषधांपेक्षा अवघड आहे बोलणे. "तुम्हाला आजाराबद्दल काय ठाऊक आहे? किती ऐकायला आवडेल?" एवढे विचारून गप्प बसणे, हेही शिकावे लागते. आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणतो, "बाबांना सांगू नका." यामागे प्रेम आहे, आम्ही नाकारत नाही. पण बाबांना जमिनीचे बोलायचे असेल, धाकट्या भावाशी समेट करायचा असेल, तर ती संधी आपण कोणत्या अधिकाराने काढून घेतो?

एक शंका रास्त आहे. गरिबाला किमोथेरपी परवडत नाही, म्हणून त्याला लवकर मॉर्फिन देऊन घरी पाठवण्याची ही सोय तर नव्हे? तसे झाले तर तो अन्याय ठरेल. 'लवकर' म्हणजे उपचारांच्या बरोबरीने, उपचारांऐवजी नव्हे. दिवसाला साठ-सत्तर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांवर आणखी ओझे टाकताना त्यांना वेळ आणि मोबदला कोण देणार, हेही विचारले पाहिजे.

या भीतीचा आम्हा धर्मगुरूंना चांगला परिचय आहे. आजाऱ्यांच्या अभ्यंगाला लोक अजून 'शेवटचा साक्रामेंत' म्हणतात. फादर दारात दिसले की आजारी घाबरेल, म्हणून शुद्ध हरपल्यावर निरोप येतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्येच सांगितले, की हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. घरी ख्रिस्तप्रसाद नेण्यासाठी आजाऱ्यांची नावे ऑफिसात देताना, अंथरुणाला खिळेपर्यंत थांबू नका. निदान झाले त्याच आठवड्यात कळवा, आणि घरी वेदना असेल तर तेही लिहा.