कठडा कोणी बांधायचा?

मुंबई, ठाणे, वसई-विरार या पट्ट्यातील मोठ्या बांधकामांवर नव्या मजुराला आता थेट घमेले देत नाहीत. आधी पत्र्याच्या शेडमध्ये बसवून सुरक्षा अधिकारी त्याला अर्धा तास काही गोष्टी समजावतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळावा, कमरपट्ट्याचा आकडा डोक्याच्या वरच्या आधाराला अडकवावा, आधार न दिलेल्या खड्ड्यात उतरू नये, लिफ्टच्या पोकळीवर टाकलेल्या सुट्या फळीवर पाय देऊ नये. मग नोंदवहीत सही, नाही तर अंगठा. नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्याला एके काळी मुकादमाच्या शिवीपलीकडे काहीच शिकवण मिळत नसे. त्या मानाने हे पाऊल स्वागतार्ह आहे, हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो. आमची शंका त्या अर्ध्या तासाविषयी नाही, अंगठ्याविषयी आहे. माणूस परांचीवरून पडला की कपाटातून सर्वांत आधी ती नोंदवही बाहेर येते. ‘त्याला सांगितले होते,’ एवढ्या तीन शब्दांत सारी जबाबदारी मृताच्या खांद्यावर जाते. तशी ती जाऊ शकते काय?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या आरंभीच्या पाठांत शिकवतात की, मानवी कृतीची जबाबदारी ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात : कर्त्याला ज्ञान होते काय आणि त्याची इच्छा मोकळी होती काय. संत थॉमस अक्वायनस यांचे हे विवेचन आजही डळमळलेले नाही. प्रशिक्षणाने मजुराला ज्ञान मिळते, हे मान्य. पण दुसऱ्या अटीचे काय? गावाहून निघतानाच त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तो झोपतो ठेकेदाराच्या खोलीत. ‘आज वारा फार आहे, मी वर चढत नाही,’ असे म्हटले तर त्या दिवसाची मजुरी जाईल आणि उद्या त्याच्या जागी दुसरा उभा राहील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात, गंभीर व तात्काळ धोका दिसताच काम सोडून दूर होणाऱ्या कामगाराला संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. हा नकाराचा हक्क ज्याच्या हाती नाही, त्याला धोक्याची माहिती दिल्याने तो स्वतंत्र होत नाही. पूर्वी न कळता चढत होता, आता कळून चढतो, इतकाच फरक. अशा ठशाला संमती म्हणणे आम्हांला तरी जड जाते.

जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. त्या देशात धाब्याच्या सपाट गच्चीवर माणसे निजत, धान्य आणि जवस वाळत घालत. गच्चीच्या कडेला जाऊ नये हे घरच्यांना व पाहुण्यांना शिकव, असे शास्त्र म्हणत नाही; ते कठडा बांधायला सांगते. पडणारा सावध होता की बेसावध, याची चौकशीही करत नाही. त्याहून प्राचीन अशा हम्मुराबीच्या संहितेत, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. मालकाच्या मुलाचा, इतकेच काय, मालकाच्या गुलामाचाही तिथे हिशेब आहे. बांधताना मरणाऱ्या गवंड्याचा मात्र नाही.

आधुनिक सुरक्षाशास्त्राचा क्रम त्या कठड्याशी जुळतो. आधी धोकाच काढून टाका, ते न जमल्यास धोका आणि माणूस यांच्यामध्ये आडोसा उभा करा. शिकवण, सूचना आणि हेल्मेट हे त्यानंतरचे, कारण या उपायांची भिस्त थकलेल्या माणसाच्या स्मरणावर असते. खड्ड्याचेच पाहा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, डोके वर असूनही, श्वास घेऊ न शकल्याने मरू शकतो. हे मजुराला जरूर सांगावे. पण कडांना फळ्या आणि टेकू दिलेले नसतील, तर माती त्याच्या ज्ञानाची कदर करणार नाही.

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका संकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा जीव गेले. ती माणसे झोपेत होती, त्यांत लहान मुलेही होती. त्यांना कोणते प्रशिक्षण उपयोगी पडले असते? १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळून वीस जण ठार झाले, तेव्हाही हाच प्रश्न मनात आला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक दोषी होती असे समजता काय, असे प्रभू येशूने ऐकणाऱ्यांना विचारले. मेलेल्याच्या अंगी दोष शोधण्याची माणसाची खोड तेव्हाही होती. आज तिला ‘मानवी चूक’ असे शास्त्रीय नाव मिळाले आहे, इतकेच.

म्हणून प्रशिक्षण निरर्थक ठरते असे नाही. पण चांगल्या प्रशिक्षणाची खूण वेगळी आहे. ते मजुराच्या भाषेत होते. (मालदा किंवा झारखंडहून आलेल्या माणसासमोर इंग्रजी फलक टांगून कोणाचे समाधान होते, हे त्या टांगणाऱ्यालाच ठाऊक!) ते हाताने करून दाखवले जाते. संथपणे मारणाऱ्या गोष्टीही त्यात येतात : लादी किंवा दगड कोरडा कापताना उडणारी, फुप्फुसात कायमची रुतणारी सिलिकाची धूळ, ओल्या सिमेंटने सोलवटणारे हातपाय. पाणी मारत कापले तर धूळ पुष्कळच बसते. आणि मुख्य म्हणजे, ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची मुभा असते. ‘साहेब, आकडा अडकवा म्हणता, वर अडकवायला आहे काय?’ असे एखाद्या बिगाऱ्याने विचारले, तर त्या अर्ध्या तासाचे सार्थक झाले. आता शिकण्याची पाळी साहेबाची असते.

साहेबाच्या मागे कोण उभे आहे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला. मजुरी देतो तो प्रत्यक्ष मालक. ज्यांच्या निर्णयांमुळे त्या कामाच्या अटी आधीच ठरून जातात ते अप्रत्यक्ष. त्यांत प्रथम राज्यसंस्था, पण इतर संस्था आणि व्यक्तीही. आमच्या मते ही साखळी अधिक दूर जाते. मुकादम, पोटठेकेदार, ठेकेदार, विकासक, आणि मग ताबा एक महिना लवकर मिळावा म्हणून तगादा लावणारा सदनिकाधारक. त्याचा वाटा मुकादमाइतका नाही. नीतिशास्त्र अशा सहभागाला दूरस्थ सहकार्य म्हणते आणि त्याचे वजन कमी धरते. शून्य धरत नाही.

आमच्या वसईतील घरधन्यांना हे अधिक जवळून लागू आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो कायदा झाला (२०२० च्या संहितेत तो सामावला गेला), त्यात दहा लाखांपर्यंत खर्चाचे, स्वतःच्या राहण्याचे घर बांधणाऱ्याला वगळले होते. दहापेक्षा कमी मजुरांची कामेही बाहेरच होती. प्रशासनाच्या सोयीसाठी ही सूट समजू शकते. पण अनुवादातील नियम नेमका याच माणसाला उद्देशून आहे, स्वतःचे घर बांधणाऱ्याला! वाडीतल्या दुमजली घराच्या स्लॅबवर नाक्यावरचे आठ जण चढतात तेव्हा तिथे ना सुरक्षा अधिकारी असतो ना नोंदवही. घरधनी मात्र सकाळ-संध्याकाळ तिथेच असतो, सिमेंटच्या गोणी मोजत.

आणि धर्मग्रामांच्या अंदाजपत्रकांचे काय? चुना, रंग, वाळू, कौले यांना स्वतंत्र ओळी असतात. परांची, जाळी, पट्टे ‘इतर खर्चा’त. कमीत कमी दराची निविदा स्वीकारायची म्हटल्यावर ठेकेदार कात्री लावतो ती याच ओळीला, कारण रंगाचा हात कमी पडला तर दिसतो, जाळी नसली तर सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. ही ओळ वेगळी काढावी, तिची रक्कम धर्मग्रामाने आधीच ठरवून द्यावी आणि तिच्यावर दरांची चढाओढ होऊ देऊ नये, असे आम्ही वित्त समित्यांना सुचवतो. पावसाळा संपला की सणांच्या तयारीला देवळांचे दर्शनी भाग रंगू लागतात आणि बांबूंना सुतळ्या बांधल्या जातात. अंदाजपत्रके त्याच्या महिना-दोन महिने आधी मंजुरीला येतात.