देवाचे वचन आणि नाट्यगृहाचा ठसा

1870 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘पॅरिशियन व्हरायटीज’ या नाचगाण्यांच्या नाट्यगृहाने चांदीच्या नाण्यांवर आपले नाव-पत्ता ठोकला. अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर 1866 पासून देवावरच्या विश्वासाचे वचन होते. त्याच चांदीत आता रंगेल करमणूक शेजारी आली. ही विटंबना का? मला वाटत नाही. ठोकलेले नाणेही पुढचा माणूस घेईल, या भरवशावरच ही जाहिरात फिरणार होती, आणि त्या वचनाला व्यवहारात काही अर्थ असेल तर तो इथेच. कुणी म्हणेल, भरवसा चांदीवर होता. पण 1853 च्या कायद्याने अर्ध्या डॉलरमधली चांदी दर्शनी किमतीपेक्षा मुद्दामच कमी केली होती. उरलेली किंमत माणसांनी एकमेकांवर सोपवलेली. उलट नाणे कायमचे कपाटात ठेवणारा संग्राहकच त्याला त्याच्या धर्मापासून तोडतो, भले प्रेमाने.