कप्तानाचे वय

शाब्दिक उदाहरणात ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी आणि ‘समान वाटले’ दिसले की भागाकार, अशी खूणगाठ प्राथमिक शाळेतील बरीच मुले मनाशी बांधतात. ती बहुतेक वेळा उपयोगी पडत असल्यामुळे तिच्यात काही खोट आहे असे ना मुलांना वाटते, ना घाईघाईने वह्या तपासणाऱ्या मोठ्यांना. खोट उघडी पडते ती मूळ प्रश्नच बिघडलेला असतो तेव्हा. फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-अध्यापनाच्या संशोधकांनी 1980 च्या सुमारास लहान वर्गांतील मुलांना असा एक प्रश्न घातला होता: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही आकडेमोड करून कप्तानाचे वय काढून दिले.

ही मुले मठ्ठ होती असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, कारण हाच प्रश्न शाळेबाहेर कोणी विचारला असता तर त्यांतील बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला असता. फ्रेंच अभ्यासक गी ब्रूसो यांनी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील न बोललेल्या समजुतींना ‘अध्यापन-करार’ म्हटले आहे. शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर असतेच, दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असतो आणि जागा कोरी सोडणे हाच काय तो अपराध, अशी कलमे त्या करारात कोणी लिहिलेली नसतात, तरी मुले ती वर्गात बसून आपोआप शिकतात. ग्रनोबलच्या त्या 76 मुलांनी करार इमानाने पाळला, आणि त्या पाळण्यात प्रश्नाचा अर्थ मात्र हरवला.

वय वाढल्याने ही सवय सुटते असेही नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या आरंभी झालेल्या एका राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना विचारण्यात आले की, एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, तर 1128 सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण 32 हे बरोबर उत्तर चौथा हिस्सा मुलांनाही देता आले नाही. कित्येकांनी ‘31, बाकी 12’ असे लिहून पेन खाली ठेवले. कागदावर बाकी उरलेले ते 12 सैनिक रस्त्यावर उभे राहतील, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. भागाकार संपला, तेव्हा त्यांच्या लेखी उदाहरणही संपले होते.

बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि पुढे झुरिच व स्टॅनफर्ड येथे शिकवणारे गणिती जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’ या पुस्तकात समस्या सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: समस्या समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि आलेल्या उत्तराकडे मागे वळून पाहणे. शाळेत सारा भर तिसऱ्या टप्प्यावर पडतो. चौथा तर बऱ्यापैकी हुशार विद्यार्थीही गाळतात आणि उत्तर आले की वही मिटतात, हे पोल्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते.

पोल्यांच्या मांडणीचा पुढे बारकाईने अभ्यास करणारे बर्कली येथील ॲलन शोनफेल्ड यांनी समस्या सोडवणाऱ्यांचे चित्रीकरण केले, तेव्हा अनेक विद्यार्थी प्रश्न वाचून लगेच एखादी वाट धरतात आणि ती चुकीची असली तरी वेळ संपेपर्यंत सोडत नाहीत, असे दिसले. उलट एका मुरलेल्या गणितज्ञाने निम्म्याहून अधिक वेळ प्रश्न समजून घेण्यातच घालवला आणि हाती येत नसलेल्या वाटा वेळीच टाकून दिल्या. म्हणून शोनफेल्ड आपल्या वर्गात गटागटांजवळ जाऊन तीनच प्रश्न विचारत: नेमके काय चालले आहे, ते कशासाठी चालले आहे आणि त्याचा पुढे उपयोग काय? आरंभी विद्यार्थ्यांची त्रेधा उडे. पुढे मात्र सर विचारण्याआधीच ते स्वतःला हे प्रश्न विचारू लागत. स्वतःच्या विचारावर अशी नजर ठेवण्याला शिक्षणशास्त्रात ‘अधिबोध’ म्हणतात.

अधिबोधाचे गुणगान करताना पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याची जी टूम हल्ली निघाली आहे, ती मात्र उथळ म्हटली पाहिजे, कारण साती आठे किती यावरच अडखळणाऱ्या मुलाकडे प्रश्नाच्या अर्थासाठी लक्ष शिल्लक राहत नाही. पाढे पाठ हवेतच. प्रश्न आहे तो सचोटीचा: जे समजलेले नाही ते समजले आहे असे मुलाने स्वतःला भासवू नये, आणि तसे भासवण्यावाचून त्याला गत्यंतर उरणार नाही अशी परीक्षा मोठ्यांनी घेऊ नये. यातील दुसरी जबाबदारी अधिक जड आहे, तरी उपदेश मात्र बहुधा पहिलीचाच होतो. पायऱ्यांना गुण देण्याची चांगली प्रथा आपल्याकडे आहे; पण ताळा करून स्वतःची चूक खोडणाऱ्याच्या पदरात त्या खोडण्याबद्दल क्वचितच काही पडते, आणि ‘दिलेल्या माहितीवरून हे सांगता येणार नाही’ असे लिहिणारे मूल आगाऊ ठरण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी पुढच्या घटक चाचणीत ज्याची माहिती अपुरी आहे असे एक उदाहरण मुद्दाम घालावे, आणि ते सुटणार नाही असे कारणासह लिहिणाऱ्या मुलाला त्याचे पूर्ण गुण द्यावेत.