राजाची सनद कुठवर चालते?

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०६ साली एक सनद काढली आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ३४ ते ४५ उत्तर अक्षांशांमधली जमीन वसाहतीसाठी दोन मंडळ्यांच्या हवाली केली. ती जमीन त्याने पाहिली नव्हती. तीन वर्षांनी व्हर्जिनिया कंपनीला दुसरी सनद मिळाली, तीत हद्द ‘या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत’ पश्चिमेला नेली होती. पलीकडचा समुद्र किती लांब आहे, हे लंडनमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.

हद्दी अक्षांशांत मोजण्याचं कारण साधं होतं. ध्रुवताऱ्याची किंवा मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की खलाशाला अक्षांश कळे. रेखांशासाठी समुद्रावर अचूक चालणारं घड्याळ हवं आणि ते अठराव्या शतकापर्यंत नव्हतं. म्हणून उत्तर-दक्षिण हद्द नेमकी आणि पूर्व-पश्चिम हद्द मोकाट, असा त्या सनदांचा थाट. अमेरिकेतली बारा-तेरा वर्षांची मुलं आज शाळेत तेरा वसाहतींचा नकाशा रंगवतात, उत्तरेकडचा न्यू इंग्लंड, मधल्या वसाहती आणि दक्षिणेकडच्या. रंगवता रंगवता एखाद्या मुलीने विचारलं, की राजाने दिलं ते ठीक, पण ते त्याचं होतं का, तर भूगोलाचा तास तत्त्वज्ञानाचा होतो.

हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला होता. विचारणारा माणूस क्रांतिकारक नव्हता, कट्टर धार्मिक होता, इतका की त्याच्या कट्टरपणाला त्याचे सोवळे शेजारीही कंटाळले. त्याचं नाव रॉजर विल्यम्स.

त्याच्या आधी त्याच्या प्रतिपक्षाची बाजू ऐकायला हवी, कारण ती बाजू मूर्खपणाची नव्हती. १६३० साली प्युरिटन पंथाच्या लोकांचा मोठा तांडा घेऊन मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात उतरलेला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप हा वकील होता. इंग्लंड सोडण्याआधीच त्याने जमिनीच्या हक्काची मांडणी करून ठेवली होती. देवाने पृथ्वी सगळ्या माणसांना सामायिक दिली, हा झाला निसर्गदत्त हक्क. पण जो कुंपण घालतो, गुरं पाळतो, कायम वस्ती करतो, त्याला त्यापुढचा, कायद्याने टिकणारा हक्क मिळतो. इथल्या मूळ रहिवाशांनी कुंपणं घातलेली नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरतं ठेवून उरलेली जमीन घ्यायला हरकत नाही. ‘पृथ्वी भरून टाका आणि ती सत्तेखाली आणा’ ही बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली आज्ञा या युक्तिवादाच्या पाठीशी होतीच.

यात भूगोलाची एक ढोबळ चूक होती. न्यू इंग्लंडची जमीन हिमनद्यांनी खरवडलेली, दगडगोट्यांची. पिकाचा हंगाम आखूड. तिथले लोक त्या जमिनीला जुळवून घेत वर्षभर जागा बदलत. बायका मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत. वसंतात मासे नद्यांमधून वर चढत तेव्हा वस्ती धबधब्यांपाशी, उन्हाळ्यात किनाऱ्यावर, थंडीत आतल्या दऱ्यांत. जंगलातलं खालचं झुडूप ते ठरावीक काळाने जाळत, म्हणजे हरणांना कोवळा चारा मिळे आणि शिकाऱ्याला वाट. इंग्रजांना ही झाडी आपल्या देशातल्या उद्यानांसारखी मोकळी आणि नीटनेटकी वाटली. ती कोणी राखली, हा विचार मात्र फारसा कोणाला सुचला नाही.

शिवाय किनारा खरोखरच रिकामा झाला होता. १६१६ ते १६१९ या काळात युरोपी जहाजांबरोबर आलेल्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली. १६२० साली प्लिमथला उतरलेल्या यात्रेकरूंनी जिथे घरं बांधली, ते पटक्सेट नावाचं असंच उजाड झालेलं गाव होतं. १६३३ साली देवी आली. देवाने या रोगाने आपला जमिनीवरचा हक्क निर्वेध केला, अशा अर्थाचं वाक्य विन्थ्रॉपने पुढच्या वर्षी पत्रात लिहिलं. सातबाऱ्यावरचा फेरफार थेट देवाकडून मंजूर करून घेण्याचा हा प्रकार होता. आणि विन्थ्रॉप तो मनापासून मानत होता, हे विशेष.

विल्यम्स केंब्रिजचा पदवीधर. १६३१ च्या फेब्रुवारीत तो बोस्टनला पोचला, तेव्हा तिथल्या चर्चने त्याला पद देऊ केलं. तुम्ही इंग्लंडच्या चर्चशी संबंध पुरता तोडलेला नाही, असं म्हणून त्याने ते नाकारलं. पुढे तर त्याची सोवळं पाळण्याची रीत अशी वाढली, की विन्थ्रॉपच्या नोंदीनुसार शेवटी तो फक्त स्वतःच्या बायकोबरोबरच प्रभुभोजन घ्यायला तयार होता. धर्मस्वातंत्र्याचा हा पुरस्कर्ता आजच्या अर्थाने उदार मुळीच नव्हता. बहुतेक सगळे धर्म चुकीचे आहेत असं त्याचं पक्कं मत होतं. चुकीचा धर्म दंडुक्याने सुधारत नाही, हेही तितकंच पक्कं.

जमिनीबद्दलचा त्याचा युक्तिवाद आज वाचला तरी ताजा वाटतो. इथले लोक साऱ्या मुलखात शिकार करतात, त्यासाठी झुडूप जाळून रान राखतात. इंग्लंडातले उमराव मोठमोठी शिकारीची रानं राखून असतात, राजाची अरण्यं तर त्याहून मोठी. तिथे कोणी घुसून नांगर धरला तर चालेल का? मग इथेच का चालावं? राजाने जी जमीन कधी आपली नव्हती ती देऊन टाकली, आणि ख्रिस्ती असल्यामुळे आपल्याला ती देता येते असा दावा केला, हे पाप आहे असं त्याने एका टिपणात लिहिलं. ते टिपण टिकलं नाही. शिकारीच्या रानांचा मुद्दा आपल्याला कळतो तो त्याचा विरोधक जॉन कॉटन याच्या लेखनातून. कॉटनचं उत्तर असं होतं, की उमराव आपल्या रानांत फक्त शिकार करत नाहीत, लाकूड आणि चाराही घेतात. पण तो कमी-जास्त वापराचा हिशेब झाला. मालकी कशाने ठरते, हा विल्यम्सचा प्रश्न तसाच उरला.

ऑक्टोबर १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेने त्याला हद्दपारीची शिक्षा सुनावली. आपल्यावरचे आरोप त्याने पुढे स्वतःच नोंदवले आहेत. राजाच्या सनदेने जमीन मिळत नाही, ती मूळ रहिवाशांकडूनच घ्यायला हवी, हा एक. आणि मुलकी सत्तेचा अधिकार माणसाच्या शरीरावर व मालमत्तेवर चालतो, अंतःकरणावर नाही, हा दुसरा. उरलेले दोन शपथेबद्दल आणि इंग्लंडातल्या चर्चमध्ये प्रवचन ऐकण्याबद्दल. जमीन आणि सदसद्विवेक एकाच आरोपपत्रात आले, हा योगायोग नव्हता. देवाच्या नावाने राजाला दुसऱ्याचं शेत देता येत नसेल, तर देवाच्या नावाने न्यायाधीशाला दुसऱ्याची प्रार्थनाही ठरवता येत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी विल्यम्सला अर्धा घेतला, श्रद्धेपुरता. जमिनीचा अर्धा भाग पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळतो.

जानेवारी १६३६ मध्ये त्याला पकडून इंग्लंडला धाडण्याचं ठरलं, तेव्हा तो बर्फातून पळाला. वॅम्पानोआग जमातीच्या लोकांनी थंडीभर आसरा दिला. वसंतात त्याने सीकॉन्क नदीच्या पूर्वेला पेरणी सुरू केली, तर प्लिमथच्या गव्हर्नरचा सौम्य निरोप आला, की ती जागा आमच्या सनदेत येते, नदी ओलांडून गेलात तर बरं. पलीकडे नॅरागॅन्सेट जमातीचे सरदार कॅनॉनिकस आणि मायन्टोनोमी यांनी त्याला जागा दिली. तिथे प्रॉव्हिडन्स वसलं. गावच्या करारात बहुमताची आज्ञा पाळायची ती केवळ ऐहिक बाबतींत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पुढची गंमत अशी, की शेजारच्या वसाहती या जागेवर टपून बसल्यामुळे विल्यम्सला १६४३ साली लंडन गाठावं लागलं, सनद मिळवण्यासाठी! पार्लमेंटने ती १६४४ मध्ये दिली आणि त्याच वर्षी छळाविरुद्धचं त्याचं पुस्तक जाळण्याचा हुकूमही दिला. विल्यम्सच्या या वसाहतीला, म्हणजे ऱ्होड आयलंडला, मिळालेल्या १६६३ च्या राजसनदेत धर्ममतावरून कोणालाही त्रास होणार नाही, ही हमी आली. तिचं मोल कळायला फार लांब जावं लागत नाही. १६६० साली बोस्टनमध्ये मेरी डायर या बाईला क्वेकर पंथाची असल्यामुळे फासावर चढवलं. शंभरेक किलोमीटरवर, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टमध्ये क्वेकर उघडपणे सभा भरवत होते. विल्यम्सला त्यांची मतं असह्य होत. १६७२ साली सत्तरीच्या आसपासचा हा म्हातारा स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी दिवसचे दिवस भांडला. त्यांच्यावर बंदी घाला, असं मात्र म्हणाला नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या शिक्क्यावर एक मूळ रहिवासी उभा होता आणि त्याच्या तोंडी ‘इकडे या, आम्हाला मदत करा’ अशा अर्थाचे बायबलमधले शब्द घातले होते. त्याच प्रांतातल्या, प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या चर्चांनी १८१० साली परदेशी मिशनसाठी मंडळ काढलं. त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. गंमत म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत धाडू पाहत होती. विल्यम्सला हद्दपार करणाऱ्यांचे धर्मवारस आता दुसऱ्याच्या सनदेपुढे उभे होते.

विल्यम्सचा शेवटचा अध्याय त्याच्या चाहत्यांना अडचणीचा आहे. १६७५ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकटच्या फौजांनी दलदलीतल्या नॅरागॅन्सेट तळावर हल्ला करून शेकडो माणसं मारली, त्यात बायका-मुलंही होती. मार्च १६७६ मध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यात विल्यम्सचं घरही गेलं. त्यानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना वेठबिगारीत विकण्याचं काम गावाने ज्या समितीकडे दिलं, तिच्यात तो होता. ज्यांच्या जमिनीच्या हक्कासाठी तो हद्दपार झाला, त्यांच्या देहाचा हक्क त्याने सोडून दिला. याचं समर्थन त्याच्या कुठल्याच सिद्धान्तातून काढता येत नाही.

नॅरागॅन्सेट मात्र संपले नाहीत. १८८० साली ऱ्होड आयलंड राज्याने ही जमात अस्तित्वात नसल्याचं जाहीर करून तिच्या उरल्यासुरल्या जमिनी घेतल्या. १९८३ साली संघराज्य सरकारने तिला मान्यता दिली. जमातीने मग चार्ल्सटाउनमध्ये घरबांधणीसाठी ३१ एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली आणि ती संघराज्याच्या संरक्षणाखाली घ्यावी, असा अर्ज केला. राज्य सरकार कोर्टात गेलं. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमातीविरुद्ध निकाल दिला. संबंधित कायदा १९३४ चा आहे आणि त्या साली ही जमात संघराज्याच्या अधिकारकक्षेत नव्हती, असं कारण निकालात दिलेलं आहे.